कर्णिकमास्तर आणि आसरांच्या डोहातले मासे

श्री. वामनराव कर्णिक यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका मेलेल्या माशासमोर. लोणावळ्याच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून मी रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत शास्त्राच्या शिक्षकांनी मला बोलावल्याचा निरोप आला. शाळेच्या मागच्या पडवीत एक लाकडी कपाट, पत्र्याचे चारदोन डबे आणि एक भिंग एवढ्यावर त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली होती. केळीच्या ओल्या पानावर वीतभर मासा ठेवलेला होता. "तुम्ही नवे ड्रॉइंगमास्तर ना? एवढं याचं चित्र काढून द्या, दुपारपर्यंत तो खराब होईल," एवढंच ते म्हणाले. नाव नाही, गाव नाही, चहापाणी नाही.

मी काढलं. मुंबईला कलाशाळेत शिकून आलेला मी. आपला हात दाखवण्याची संधी मिळाली म्हणून जीव ओतून काढलं. मास्तरांनी भिंगातून आधी मासा पाहिला, मग चित्र पाहिलं, आणि म्हणाले, "चित्र सुंदर आहे. पण खरं नाही. खवल्यांची एक रांग जास्त झाली आहे." मला रागच आला. पण मोजून पाहिलं तर रांग खरोखरच जास्त होती. मी दुसरं चित्र काढलं. ते त्यांनी ठेवून घेतलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

यंदा चैत्रात मास्तर साठ वर्षांचे होत आहेत. कागदाच्या या टंचाईतही त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या कानावर घालायला मी आणि संपादक मंडळी गेलो होतो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही डोहाबद्दल लिहिणार का?" मी म्हणालो, गौरवाच्या पुस्तकात ते कशाला? ते म्हणाले, "मग माझ्याबद्दल दुसरं काय लिहिणार? ते गाळणार असाल तर मी समारंभाला येणार नाही." त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हां सर्वांच्या माई, दारात उभ्या होत्या. त्यांनी मला मानेनंच खूण केली की लिहा. म्हणून लिहीत आहे. लिहिताना हात अडखळतो, हे आधीच सांगतो.

मास्तरांच्या शिकवण्याबद्दल या ग्रंथात अनेकजण लिहितील. मी एकच प्रसंग सांगतो. एकदा शाळाखात्याचे इन्स्पेक्टर आले आणि पाहतात तो सातवीचा वर्ग रिकामा. हेडमास्तरांना घाम फुटला. मी इन्स्पेक्टरसाहेबांना वाट दाखवत ओढ्यावर घेऊन गेलो. चिखल फार होता, त्यामुळे साहेबांना बूट हातात घ्यावे लागले. तिथं सगळा वर्ग गुडघाभर पाण्यात वाकून बेडकांची अंडी पाहत होता. मास्तरांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "या, आत्ताच फुटताहेत." थोड्या वेळानं साहेबही वाकले. शेऱ्याच्या वहीत त्यांनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या वर्षी शाळेला दुसरं भिंग मिळालं.

इंद्रायणीतल्या माशांची एक वही मास्तर करीत होते. चित्रं माझी, वर्णनं त्यांची, आणि माशांची नावं ठकूमावशींची. ठकूमावशी म्हणजे भाजे गावाजवळच्या भोई वस्तीतल्या एक विधवा बाई. नदीवर जाळं टाकून मिळेल ती मासळी त्या टोपलीत घेत आणि मळवलीहून पॅसेंजरनं लोणावळ्याच्या बाजारात आणीत. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण पाण्यावरच्या नुसत्या तरंगावरून खाली कोणता मासा आहे हे त्या सांगत, आणि मास्तर ते विद्यार्थ्यासारखं लिहून घेत.

मास्तरांना स्वतःला गळाचा नाद होता. भाज्याच्या वरच्या अंगाला नदीवर एक लहान दगडी बंधारा आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्या खालच्या खडकावर ते तासन्‌तास बसत. त्यांना हवा असे मरळ मासा. मरळ मोठा हावरा. पण कणकेच्या गोळीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यापुढे वळवळणारं काहीतरी लागतं, म्हणून मासेमारीची हौस असलेले लोक लहान जिवंत मासा गळाला टोचून पाण्यात सोडतात. यालाच जिवंत आमिष म्हणतात. मुंबईपुण्याहून धरणांवर मासे धरायला येणारी मंडळी असं आमिष डब्यात पाण्यासकट घेऊन येतात. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही आणि मास्तरांनाही नाही.

बंधाऱ्याच्या खाली थोड्या अंतरावर आसरांचा डोह आहे. साती आसरा या पाण्यातल्या देवता, त्यांचं ते ठाणं. भाज्याची माणसं त्या डोहातला मासा कधी धरत नाहीत. नवस बोलायला, फेडायला येतात आणि लाह्या टाकतात, की हातहातभर लांबीचे खडस मासे पाण्यावर येऊन तोंड उघडतात. त्यांतला सर्वांत मोठा मासा इतका जुना होता की गावकरी त्याला 'म्हातारा' म्हणत.

त्या वर्षी माघ संपत आला होता. मी मास्तरांच्या घरी बसलो असताना ठकूमावशी आल्या. टोपली रिकामी होती, फक्त तळाशी फडक्यात एक मासा होता. त्यांनी तो ओटीवर ठेवला.

"मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. ह्याला काय डसलंय त्ये बगा."

माशाच्या पराच्या मुळाशी आणि पोटावर चारपाच पांढरट दोरे लोंबत होते, नखाएवढे लांब. प्रत्येक दोऱ्याच्या मुळाशी लाल, सुजलेला फोड.

"हा कुठं सापडला?"

"डोहाच्या खालतं. पर डोहात बी तसलंच हाय. देवीचं मासं खडकाला आंग घासत्यात. भाज्याची समदी मानसं म्हनत्यात, आसरा कोपल्या. ठकीनं डोहात जाळं टाकलं म्हून कोपल्या." त्यांनी रिकामी टोपली पुढे सारली. "म्या न्हाई टाकलं, मास्तर. पाटलानं नदीवर यायची बंदी केली. हितं बाजारात बी बातमी आली, माज्या मासळीत किडं हायती म्हून. चार दिस झालं, येक मासा कुनी घेतला न्हाई. आसरांनी काय दोरं बांधल्यात व्हय माशांला?"

माईंनी त्यांना आत नेऊन जेवायला बसवलं. मास्तरांनी चिमट्यानं एक दोरा ओढला. तो सहज निघेना. निघाला तेव्हा त्याचं मासात रुतलेलं टोक दिसलं. त्याला गळाच्या आकड्यासारखे फाटे होते. दुसऱ्या टोकाला दोन बारीक पिशव्या. भिंगाखाली मास्तरांनी त्या बराच वेळ पाहिल्या.

"हा दोरा नाही," ते म्हणाले. "जिवंत किडा आहे. मादी आहे, आणि या पिशव्यांत अंडी आहेत."

मी त्याचं चित्र काढलं. एक किडा स्पिरिटच्या बाटलीत घातला, आणि दोन्ही मुंबईच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे पाठवलं. उत्तर येईपर्यंत मास्तर, मी आणि पाटलांची बंदी असतानाही मास्तरांच्या भरवशावर आलेल्या ठकूमावशी नदीकाठानं हिंडलो. वरच्या ओढ्यांतले मासे पाहिले, धरणाखालचे पाहिले. मावशी मासा धरून द्यायच्या, मास्तर भिंग लावायचे, आणि मी नोंद करायचो. बंधाऱ्याच्या वर एकाही माशाच्या अंगावर काही नव्हतं. बंधाऱ्याच्या खाली मात्र होतं. हे दुसऱ्यांदा पक्कं झालं तेव्हा मास्तर बंधाऱ्यावर नुसते उभे राहिले. मला वाटलं, दमले असतील.

प्राध्यापकांचं उत्तर आलं. हा किडा या नदीतला नसावा. परदेशातून शोभेसाठी आणलेल्या माशांबरोबर तो येतो. त्याची पिल्लं इतकी बारीक की पाण्यात पोहताना डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यामुळे रोगट मासाच काय, ज्या पाण्यात तो राहिला त्या पाण्याची एक ओंजळही रोग पसरायला पुरते. आणि पाणी जितकं तापेल तितकी त्याची वाढ झपाट्यानं होते. बाहेर फाल्गुनाचं ऊन पडू लागलं होतं. मास्तरांनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. त्या दिवशी त्यांनी शाळेत जेवणाचा डबा उघडला नाही. सुटताना म्हणाले, "उद्या रविवार आहे. माझ्याबरोबर तुंगार्लीला चला."

तुंगार्लीला मुंबईच्या एका धनिकाचा बंगला होता. बागेत सिमेंटचा हौद, आणि हौदात आगबोटीनं परदेशाहून आणवलेले लाल मासे. मालक वर्षातून पंधरा दिवस येत. एरवी सगळं गेनू माळ्याच्या हवाली. आम्ही गेलो तेव्हा हौदात अगदी थोडे मासे उरले होते. मास्तरांनी वाकून एक मासा ओंजळीत धरला. त्याच्या पाठीवर तसाच पांढरा दोरा होता.

"यंदा लय मेलं बगा," गेनू म्हणाला. "सायेब आता मलाच बोलनार."

"हे कधीपासून आहे, गेनू?"

"लय दिस झालं. भादव्यात तुमी डबा भरून न्हेलता न्हवं, गळाला लावाया? तवा बी येकांद्या माशाला दोरा व्हताच की. म्या दावला बी तुमास्नी."

मास्तरांनी ओंजळीतल्या माशावरचा दोरा परत न्याहाळला. गेनूला वाटलं त्यांना आठवत नसेल, म्हणून त्यानं भाबडेपणानं सांगितलं, "तुमीच म्हनला, शेवाळ आसंल."

मास्तरांनी ओंजळीतला मासा सावकाश हौदात सोडला. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. परतताना अर्ध्या वाटेवर ते थांबले. मग त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी बंधाऱ्याखाली बसले असताना मरळ लागला नव्हता. संध्याकाळी डब्यात पाचसहा मासे उरले. "एवढेएवढे जीव होते. मारवेनात. म्हटलं, जगतील बिचारे. मी ते नदीत सोडले. वर डबाही तिथंच विसळला."

मी त्यांना काय काय सांगितलं ते आज लिहायची लाज वाटते, पण त्यांनी गाळू नका म्हटलं आहे. मी म्हणालो, हे गेनू सोडून कोणालाही माहीत नाही, आणि गेनूला त्याचा अर्थ कळलेला नाही. हेडमास्तर निवृत्त होत होते. त्यांच्या जागी मास्तरांचं नाव शाळेच्या समितीपुढे होतं. देवीच्या डोहात रोग सोडणाऱ्या माणसाला समिती ती जागा देईल का? भाज्याचे लोक हात उगारल्याशिवाय राहतील का? मी म्हणालो, रोग परदेशी माशांचा आहे एवढंच गावाला सांगू. तेवढं खोटं नाही.

"आणि नदीत तो कोणी नेला, असं विचारलं तर?"

"तुम्ही गप्प राहा."

"मग ते ठकूमावशींचं नाव घेतील," मास्तर म्हणाले. "त्यांचं तर आधीच घेताहेत."

पुढल्या मंगळवारी दुपारी आम्ही मळवलीला उतरलो आणि भाज्याला चालत गेलो. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं. मास्तरांच्या निरोपावरून पाटलांनी मारुतीच्या देवळापुढे माणसं जमवली होती. ठकूमावशी लांब, चिंचेखाली उभ्या होत्या. मास्तरांनी माझं मोठं केलेलं चित्र मला धरायला सांगितलं.

मास्तरांनी साध्या शब्दांत सांगितलं. किडा कसा असतो, कुठून आला, माशाला काय करतो. मग त्याच आवाजात म्हणाले, "तो या नदीत मी आणला. भाद्रपदात माझ्या डब्यातून. ठकूमावशींचा याच्याशी काही संबंध नाही."

मग पाटील पुढे आले.

"म्हंजी आमच्या डोहात तुमी रोग सोडला?"

"होय."

"जानूनबुजून?"

"जाणून नाही. पण बघायला हवं होतं, आणि मी बघितलं नाही. एका माणसानं दाखवलं होतं, तरी बघितलं नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "ह्यालाच डोहात बुडवा!" दोघं तरणे पुढे सरसावले. एकानं माझ्या हातातलं चित्र हिसकून फाडलं. मास्तर जागचे हलले नाहीत. पाटलांनी हात आडवा केला. मग चिंचेकडे वळून म्हणाले, "ठके, उंद्यापासनं नदीवर जाळं टाक. गावाचं चुकलं." आणि मास्तरांना म्हणाले, "तुमी मातुर पुन्यांदा हितं गळ घिऊन दिसू नगा."

"दिसणार नाही," मास्तर म्हणाले. "पण गळाशिवाय येऊ द्या. मासे आजारी आहेत."

असा त्या उन्हाळ्याला आरंभ झाला. मास्तरांनी घरी येऊन आपले सगळे गळ आणि काठ्या मोडून चुलीत घातल्या. पुन्हा त्यांनी गळ हातात धरला नाही. गेनूच्या मालकांना पत्र पाठवून त्यांनी हौद रिकामा करवला. पाणी बागेतल्या कोरड्या मातीत सोडलं आणि हौद महिनाभर उन्हात तापू दिला. पण हौद रिकामा करता येतो, नदी कशी करणार?

गावानं आसरांना नारळ दिला आणि मास्तरांना डोहात उतरायची परवानगी दिली. दर रविवारी आम्ही जात असू. ठकूमावशी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून झोळीसारख्या जाळ्यात एकेक मासा अलगद घेत. खवल्यालाही धक्का लागू देत नसत. मास्तर ओल्या फडक्यावर त्याला धरून चिमट्यानं किडे उपटत, फोडाला पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचा बोळा लावत, आणि मासा परत सोडत. उपटलेले किडे मी चुन्याच्या डब्यात टाकायचो. एकही काठावर पडू द्यायचा नाही अशी सक्त ताकीद होती. ज्या माशाला या रविवारी साफ केलं, त्याच्या अंगावर पुढल्या रविवारी नवे दोरे दिसत. चैत्र गेला. पाणी रोज बोटभर उतरत होतं आणि हाताला कोमट लागत होतं. मास्तरांची अन्नावरची वासना गेली होती, माई मला बाजूला घेऊन विचारीत, "हे असं किती दिवस चालायचं?"

लहान मासे रोज मरत होते. वैशाखातल्या एका रविवारी आम्ही पोचलो, तर पाटील स्वतः काठावर बसलेले. त्यांच्यापुढे पळसाच्या पानांवर म्हातारा होता. पोटाकडचा भाग फोडांनी भरलेला. मास्तरांना पाहून पाटील शिव्या देतील अशी माझी खात्री होती. ते एवढंच म्हणाले, "माज्या आज्यानं ह्याला लाह्या घातल्या व्हत्या." त्यांनी आपल्या हातानं जांभळीखाली खड्डा खणला. मास्तर पुढे होऊन माती लोटू लागले, तेव्हा पाटलांनी त्यांना अडवलं नाही. त्या दिवशी मास्तर पाण्यात उतरले तेव्हा ठकूमावशी त्यांना म्हणाल्या, "मास्तर, रडायचं आसंल तर रडून घ्या. मंग चिमटा धरा. हात हालला तर माशाला लागतंय." मास्तरांनी डोळे पुसले आणि चिमटा धरला.

पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहिली, डोह दिसेनासा झाला. चार महिने काही कळायला मार्ग नव्हता. आश्विनात पाणी निवळल्यावर ठकूमावशींनी पहिला मासा वर घेतला. त्याच्यावर काही नव्हतं. दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. अगदी शेवटी, निघायच्या वेळी, एका लहान माशाच्या पराशी एक दोरा सापडला.

"गेला नाही," मास्तर म्हणाले.

"न्हाई गेला," ठकूमावशी म्हणाल्या, "पर रोडावला."

तेव्हापासून आजवर हीच स्थिती आहे. रोग कधी दबतो, कधी डोकं वर काढतो. पार नाहीसा तो होणार नाही, असं मास्तरांचं मत आहे. एकदा नदीत शिरलेली अशी गोष्ट परत बाहेर काढता येत नाही. ती पुढच्या पाण्यात जाऊ नये एवढंच आपल्या हातात उरतं.

हेडमास्तरांची जागा मास्तरांना मिळाली नाही. त्यांच्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान गृहस्थांची नेमणूक झाली. पहिल्या दिवशी ते बिचारे संकोचून गेले होते. मास्तरांनी त्यांना सगळी शाळा फिरवून दाखवली, गळणारी कौलं कोणती तेही सांगितलं, आणि निरोप घेताना 'सर' म्हणून नमस्कार केला. त्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता, हे मी जवळून पाहिलं आहे.

त्यांनी आपलं खरं काम स्टेशनवर सुरू केलं. शनिवारी मुंबईहून गाडी आली की हातात काठ्या आणि डबे असलेली मंडळी उतरतात. मास्तर पुढे होऊन नमस्कार करीत आणि सांगत: आमिष जिथलं तिथंच वापरा, दुसऱ्या पाण्यात नेऊ नका, उरलेले मासे आणि डब्यातलं पाणी नदीत-तलावात ओतू नका, कोरड्या जमिनीवर ओता, जाळी आणि डबे कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालू नका. कोणी हसत, कोणी वेडा समजून बाजूला सारीत. एका सुटाबुटातल्या वकिलांनी तर त्यांना विचारलं, "तुम्ही कोण सांगणार? तलाव तुमच्या वडिलांचा आहे का?" मास्तर म्हणाले, "नाही. म्हणूनच सांगतो. मी एकदा दुसऱ्यांची नदी बिघडवली आहे." आणि त्यांनी भर फलाटावर त्या अनोळखी माणसाला डोहाची सगळी हकीकत सांगितली. वकील ऐकत राहिले. मग त्यांनी डबा उघडला आणि रुळांच्या पलीकडच्या खडीवर रिकामा केला. आपली चूक असं शंभरदा उघड करणं किती जड जात असेल! मी एकदा तसं विचारलं, तर म्हणाले, "उपदेश कोणी ऐकत नाही हो. चूक ऐकतात."

माझ्यावरचे त्यांचे उपकार मोजणं शक्य नाही. माझी पत्नी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा महिनाभर मी शाळेत गेलो नाही. माई रोज पेज घेऊन येत, आणि माझे चित्रकलेचे सगळे तास मास्तर घेत. पत्नी बरी झाल्यावर मी शाळेत जाऊन वह्या पाहिल्या, तर सगळ्या वर्गांनी महिनाभर फक्त खेकडे काढले होते. एकाही खेकड्याला सौंदर्य नव्हतं, पण पाय सगळ्यांचे बरोबर होते.

हल्ली लढाईमुळे या भागात नव्या माणसांची वर्दळ वाढली आहे. सुट्टीवरचे गोरे सोजीर कुठूनकुठून डबे घेऊन धरणांवर येतात. त्यांना मराठी कळत नाही आणि मास्तरांचं इंग्रजी त्यांना कळत नाही. मास्तर अस्वस्थ असतात. गेल्याच महिन्यात गेनू माळ्याचा निरोप आला की तुंगार्लीच्या डोंगरावरच्या तलावात एक लाल फोडाचा मासा दिसला आहे. डोहातला रोग तलावात पोचला तर त्याखालचे सगळे ओढे गेलेच. मास्तरांचे गुडघे आता चढण मानत नाहीत, पण ते थांबेनात. मी आणि ते बसतउठत वर गेलो. गेनूनं मासा बादलीत ठेवला होता. भिंग मी धरलं. फोड होता, पण दोरा नव्हता. जवळ नेऊन पाहिलं तर बगळ्याच्या चोचीची जखम. मी दोनदा सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना; त्यांनी स्वतः पाहिलं, परत पाहिलं, आणि मग ते धरणाच्या दगडावर बसून राहिले. मला तेव्हा जाणवलं की इतकी वर्षं हा माणूस एक दिवसही निर्धास्त झालेला नाही.

मास्तर, हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही हे वाचाल, आणि कुठं काही चुकलं असेल तर मला सांगाल. आम्ही सारे तुमच्यासाठी पुष्कळ आयुष्य मागतो. तुमचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांना उतार पडो, माईंचा सहवास तुम्हांला अखंड लाभो. आणखी एक मागणं मी माझ्यापुरतं करतो. एखादा तरी उन्हाळा असा येवो, की ठकूमावशींच्या जाळ्यात शेवटपर्यंत एकही दोरा सापडू नये. त्या दिवशी तुम्ही डोहाच्या काठी सावलीत बसावं, जाणाऱ्या कोणी विचारावं, "मास्तर, काय बघताय?" आणि तुम्हांला म्हणता यावं, "काही नाही. सहज बसलोय."